कोंबडी कुठे पेंड खाते?

आमच्या लहानपणी दारावर अंडी घेऊन येणाऱ्या बाईला गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारीत असे, "ताजी आहेत ना?" आणि तिने शपथेवर "होय" म्हटले तरी आतून पाण्याचे भांडे आणून अंडे त्यात सोडून बघत असे. तळाशी आडवे बसले तर घ्यायचे, तरंगले तर परत करायचे. व्यवहार तेवढ्यावर मिटे. आताचे गिऱ्हाईक मात्र परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले असते. कोंबडी मोकळी हिंडते की पिंजऱ्यात असते? तिला औषधे टोचता का? दाणा सेंद्रिय आहे का? हे तीन प्रश्न सोडवून विक्रेता कपाळावरचा घाम पुसतो न पुसतो तोच चौथा येतो, आणि हा अगदी अलीकडचा आहे : "खाद्यात सोयाबीन तर नाही ना?"

हा चौथा प्रश्न ज्याच्यापुढे येऊन पडला तो माझा सख्खा भाचा. माझी थोरली बहीण जुन्नर तालुक्यात दिलेली. तिच्या धाकट्या चिरंजीवांनी शेतकीची पदविका घेतली आणि नोकरी न शोधता घरामागच्या चिंचेखाली साठ कोंबड्या पाळल्या. जात ग्रामप्रिया, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते, ही परसात हिंडून-फिरून दीडशेच्या पुढे जाते. अंडी दर रविवारी पुण्यास येतात आणि आमच्या व शेजारच्या वसाहतीतल्या तीस घरांत वाटली जातात. भाव अंड्याला १४ रुपये. ह्या तीस घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांनी एका सुरात सांगितले, की सोयाबीन नसलेल्या खाद्यावरची अंडी असतील तर आम्ही १६ रुपये देऊ.

दोन रुपये म्हणजे काय मोठे, असे शहरात बसून वाटते. पण वर्षाला दहा हजार अंडी धरली तर ते वीस हजार होतात. आणि ताईच्या यजमानांनी मुलाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर कोंबड्यांचा हिशेब जमेच्या बाजूला दिसला तर ठीक, नाही तर कोंबड्या बाजाराला आणि चिरंजीव चाकणच्या एखाद्या कारखान्यात. तेव्हा हा प्रश्न भाच्याच्या दृष्टीने नुसता दाण्याचा नव्हता.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. 'घोडे पेंड खाते' ह्या वाक्प्रचाराचा अर्थ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. अडते ते नेमके कुठे, हे दाखवायचे असले की आपण तो वापरतो. पेंड ह्या वस्तूचा इतका जवळून अभ्यास मात्र मला ह्या एका वर्षात घडला.

आधी सोयाबीन कोंबडीच्या ताटात आले कसे ते पाहू. आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरात 'भट' ह्या नावाने काळे सोयाबीन फार पूर्वीपासून होत असे. पण पिवळ्या दाण्याचे सोयाबीन व्यापारी पीक म्हणून रुजले ते १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून, पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांनंतर. पुढे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्ये त्याची माहेरघरे झाली. लातूरच्या बाजारात आज सोयाबीनचा भाव काय फुटला, ह्यावर मराठवाड्यातल्या कित्येक घरांचे लग्नमुहूर्त ठरतात. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो खरे, परंतु शंभर किलो सोयाबीनातून तेल निघते सुमारे अठरा किलो. उरलेले ऐंशी किलो म्हणजे पेंड. व्यापाऱ्यांच्या तोंडी तिचे नाव 'डीओसी'. ह्या पेंडीत शंभरात ४४ ते ४८ भाग प्रथिने. एवढी भरगच्च, एवढ्या मोठ्या प्रमाणात आणि बारमाही मिळणारी दुसरी वनस्पतीज वस्तू नाही. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, ती मका आणि सोयापेंड ह्या जोडगोळीच्या जोरावर.

मग हिच्यावर एवढा राग का? मी तीस घरांपैकी जी घरे ओळखीची होती त्यांना विचारून पाहिले. उत्तरे तीन प्रकारची आली.

एक, सोयाबीन जनुकात फेरफार केलेले असते. अमेरिकेपुरते हे खरे आहे. तेथले ९० टक्क्यांहून अधिक सोयाबीन तसे असते, आणि म्हणून तेथल्या हौशी कोंबडीपालकांत सोयाविरहित खाद्याची चळवळच उभी राहिली. पण भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही. लातूरचे सोयाबीन ह्या आरोपातून सहीसलामत सुटते. अपवाद एकच सांगायला हवा. २०२१ सालच्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचे भाव असे भडकले, की काही बाजारांत क्विंटलला १०,००० रुपयांची मजल गाठली गेली, कुक्कुटपालक हवालदिल झाले, आणि त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल केलेली सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली.

दुसरे उत्तर ॲलर्जीचे. एका घरातल्या मुलाला सोयाबीन सोसत नाही. त्याच्या आईची धास्ती मला समजते. परंतु त्याने काय खावे हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे, अंडीवाल्याने नव्हे. सोयाबीनमधली इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये अंशतः बलकात उतरतात हे प्रयोगात दिसले आहे. पण सोयाबीनचे दूध पिणाऱ्याच्या पोटात जे जाते त्याच्यापुढे ते अगदी किरकोळ. एवढ्यासाठी कोणी झोप घालवू नये असे माझे मत.

तिसरे उत्तर आले ते आमच्याच मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांकडून, आणि ते मला सर्वांत पटले. ते म्हणाले, "बाई, कारखान्यात सोयापेंडीतले तेल हेक्सेन नावाच्या द्रावणाने काढतात. पेट्रोलच्या कुळातले ते. सेंद्रियच्या नियमांत ते बसत नाही. तेव्हा एका तोंडाने सेंद्रिय म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने डीओसी घालायची, हे काही खरे नव्हे." पेंडीतला हेक्सेनचा अंश उष्णता देऊन उडवून लावतात, हे खरे, पण शब्दाचा प्रामाणिकपणा म्हणून त्यांचे बोलणे बिनतोड होते.

भाच्याने मात्र ह्या वादात न शिरता सरळ काम सुरू केले. पेंडीला पेंड! त्याने सोयापेंड काढली आणि तेवढ्याच वजनाची शेंगदाण्याची पेंड घातली. तिच्यातही प्रथिने ४० ते ४५ टक्के. कागदावर बेरीज जुळली. प्रत्यक्षात सहा आठवड्यांत दिवसाची छत्तीस अंडी वीसवर आली, जी आली ती आकाराने लहान, आणि कोंबड्या एकमेकींच्या शेपटीकडची पिसे उपटून खाऊ लागल्या. त्यांतल्या दोन तर अगदी रक्तबंबाळ. ताईच्या सासूबाई ओसरीवरून सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पेंड बदललीस ते त्या मुक्या जिवांना इचारलं व्हतंस का?"

तालुक्याच्या पशुवैद्यांनी येऊन जे सांगितले ते भाच्याने मला फोनवर सांगितले, आणि मी ते माझ्या परीने असे समजून घेतले : प्रथिन म्हणजे एक छापलेली ओळ. ती जुळते सुट्या अक्षरांच्या खिळ्यांतून. शास्त्रज्ञ ह्या खिळ्यांना अमिनो आम्ले म्हणतात. जुन्या छापखान्यात जुळाऱ्याच्या खणांत बाकी सगळे खिळे ढिगाने पडलेले असले आणि 'र'चे खिळे संपले, तर ओळ तिथेच अडे. मग 'क' आणि 'म' कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही. अंडे घडविताना कोंबडीचा जो खिळा बहुतेक वेळा पहिल्यांदा संपतो, त्याचे नाव मेथिओनीन. ह्यात गंधक असते, आणि पिसे घडविण्यासही गंधकयुक्त आम्ले लागतात. म्हणून ते कमी पडले की कोंबडी शेजारणीच्या पिसांवर नजर ठेवते. दुसरा महत्त्वाचा खिळा लायसीन. सोयापेंडीत लायसीन मुबलक आहे, मेथिओनीन बेताचे. शेंगदाण्याच्या पेंडीत दोन्ही कमी. कारखान्याच्या तयार खाद्यात मेथिओनीन रसायनशाळेत बनवून मिसळतात. अमेरिकेत तर सेंद्रिय खाद्यातही ते मर्यादित प्रमाणात, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांना टनाला २ पौंड, चालवून घेतले आहे. निव्वळ धान्य-पेंडीवर भागवणे किती कठीण आहे ह्याची ही कबुलीच म्हणायची.

आता हा खिळा घरच्या घरी कुठे सापडणार? तर तिळात! तिळाच्या पेंडीत मेथिओनीन सोयापेंडीच्या दीडपटीहून जास्त. उणीव लायसीनची, ती अंशतः तुरीच्या चुणीने भरून निघते, कारण डाळींत लायसीन चांगले असते. म्हणजे ज्या घरात तिळाची चटणी आणि तुरीचे वरण एका ताटात वाढले जाते, त्या घराला हे शास्त्र हाताने ठाऊक आहे, नावाने नसले तरी.

इतर पेंडींची हकिगत थोडक्यात सांगते. सरकीची पेंड म्हशीला उत्तम, कोंबडीला नको. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने साठवलेल्या अंड्यांचे बलक हिरवट पडतात, आणि असे अंडे पुण्याच्या गिऱ्हाइकाने एकदा फोडले की पुढचा रविवार विसरावा. जवसाची थोडीच घालावी. मोहरीच्या पेंडीने काही तांबड्या अंड्यांना मासळीचा वास येतो. करडईची, साल काढलेली असेल तर, चालते. सालीसकटची म्हणजे नुसता भुसा. सूर्यफुलाची चांगली, पण तिच्यातही चोथा फार. एरंडीची पेंड मात्र कोंबड्यांच्या वाऱ्यालाही उभी करू नये. ती विष आहे. आणि काटकसर म्हणून घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालण्याचा मोह ज्यांना होतो त्यांच्यासाठी एक वाक्य : कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अटकाव करणारे द्रव्य असते, ते नीट भाजल्याशिवाय जात नाही.

तिळाने मेथिओनीनची वेस ओलांडली, तरी पशुवैद्यांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, थोडी मासळी घाला. इथे आमच्या तीस घरांपैकी काही घरांत खळबळ माजली. कारण आपल्याकडे अंडी खाणाऱ्यांचा एक मोठा वर्ग असा आहे, की अंडे चालते, पण ते देणारी कोंबडी शाकाहारी हवी. ह्या मंडळींच्या घरी पूर्वी अंड्याचे भांडे वेगळे असे आणि ते गॅलरीतल्या स्टोव्हवर चढे; आता भांडे आत आले, पण मनातली गॅलरी शाबूत आहे. त्यांना मी नम्रपणे सांगू इच्छिते, की कोंबडी ही तांबड्या रानकोंबडीची वंशज. आणि ती रानकोंबडी पाचोळा उकरून बिया खाते तशीच वाळवी, अळ्या, किडेही खाते. ताईच्या सासूबाई आजही वारुळाचा एखादा वाळवीभरला डिखळा आणून पिलांपुढे फोडतात. ते पाहिल्यावर कोंबडीच्या शाकाहाराविषयी कोणाला शंका उरू नये. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांची पूड घालण्यास रीतसर परवानगी दिली, ही सासूबाईंच्या डिखळ्याला मिळालेली उशिराची मान्यता.

मासळी म्हणजे पापलेट नव्हे, हे सांगायला नको. माळशेज घाट चढून जी सुकी मासळी आठवडी बाजारात येते, तिच्या टोपल्यांच्या तळाशी चुरा राहतो; बाजार उठताना तो स्वस्तात मिळतो. ह्याला कुटी म्हणतात. घेताना दोन गोष्टी बघाव्यात : वाळू किती आहे आणि मीठ किती आहे. मिठाच्या मासळीने कोंबड्या पाणी पाणी करतात आणि खुराडे ओले होते. चुरा जास्त घातला तर अंड्याला वास लागतो. शंभरात पाच भाग पुरे.

शेवटी जे मिश्रण भाच्याला साधले ते असे. शंभर किलोसाठी मका ३० किलो, बाजरी २०, भाताचा कोंडा १०, तिळाची पेंड १२, शेंगदाण्याची ८, तुरीची चुणी ५, कुटी ५, शिंपल्यांची भरड साडेआठ, आणि मीठ व क्षारमिश्रण मिळून दीड किलो. प्रथिने सतरा टक्क्यांच्या आसपास येतात. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा लागतात. ही पाककृती म्हणून कोणी डोळे झाकून उतरून घेऊ नये. पेंडीपेंडीत फरक असतो, आणि पिलांना तर एवढे कॅल्शियम बाधते.

शिंपल्यांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, आणि कवच घडते मुख्यत्वे रात्री, कोंबडी आढ्यावर झोपलेली असताना. म्हणून शिंपले अगदी पिठासारखे बारीक न करता जाडसर ठेवायचे. संध्याकाळी खाल्लेले ते खडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात आणि कारखाना चालू राहतो. दिवे मालवल्यावर काम करणाऱ्या कितीतरी गृहिणींची मला इथे आठवण झाली. असो.

पिवळ्या बलकाचा प्रश्नही ओघाने आला. बाजरीत पिवळा रंग नाही. तेवढ्यावर ठेवलेल्या कोंबडीचा बलक फिका पडतो, आणि फिका बलक म्हणजे निकस अंडे असे गिऱ्हाइकाला वाटते. पोषणाचा आणि रंगाचा संबंध समजतात तेवढा नाही. पण मका, हिरवा पाला आणि दसऱ्यानंतर उकिरड्यावर पडणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या घातल्या की बलक केशरी होतो. त्या आठवड्यात आमच्या वसाहतीत अंड्यांची फार वाहवा होते.

ॲझोलाचे मात्र कौतुक मला जरा जास्तच झालेले दिसते. पाण्यावर तरंगणारी ही शेवाळ्यासारखी वनस्पती शेणकाल्याच्या खड्ड्यात झपाट्याने वाढते, आणि तिच्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात असे जो तो सांगतो. ते खरे, पण वाळवल्यावर! ओल्या ॲझोलात शंभरात नव्वदहून जास्त भाग पाणीच. मूठभर ओला ॲझोला म्हणजे चिमूटभर प्रथिने. कोंबड्या आवडीने खातात, त्यांना हिरवे मिळते, तेवढ्यापुरता तो जरूर करावा. त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नये.

आता पैशांकडे वळते, कारण खरे घोडे तिथे पेंड खाते. गेल्या मोसमात भाच्याला मका २४ रुपये किलो पडला, बाजरी २८, तिळाची पेंड ५०, शेंगदाण्याची ४६, कुटी ७०. भरडाई धरून मिश्रण किलोला सुमारे ३३ रुपयांवर गेले. तालुक्यातल्या दुकानात तयार खाद्य घेतले असते तर ३४ लागले असते. म्हणजे सोयाबीन वगळण्याने खाद्य महाग झाले नाही. हे आम्हां दोघांनाही आधी खरे वाटेना.

महाग होते ते दुसऱ्याच शब्दाने. प्रमाणपत्र असलेले सेंद्रिय धान्य आणि पेंड घ्यायची तर त्याला भाव मिळाला तो सरासरी दीडपटीच्या जवळपास. तेच मिश्रण किलोला साडेत्रेचाळीसच्या वर गेले. मोकळ्यावर हिंडणारी कोंबडी चांगला रान-पाला असेल तर दिवसाला ८५ ग्रॅम दाण्यावर भागवते. म्हणजे वर्षाला ३१ किलो, आणि साठ कोंबड्यांना साडेअठरा क्विंटल. साध्या मिश्रणाचे वर्षाचे ६२ हजार होतात, सेंद्रियचे ८१ हजार. फरक १९ हजारांचा. आणि अंड्यामागे दोन रुपये जास्त मिळून येणार होते वीस हजार! एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने दाणेवाल्याच्या पदरात टाकायचे. भाच्याने हा कागद वडिलांपुढे ठेवला नाही. ठेवला असता तर दिवाळीची वाट पाहावी लागली नसती.

मार्ग निघाला तो दोन ठिकाणी. पहिला घाण्यावर. गेल्या काही वर्षांत शहरोशहरी लाकडी घाणे पुन्हा फिरू लागले आहेत. तेल घ्यायला लोक रांगा लावतात, पेंडीकडे कोणी पाहत नाही. पुण्यातल्या अशाच एका घाणेवाल्याशी भाच्याने ठरवून टाकले : दर रविवारी अंडी पोचवून परतताना तिळाची आणि शेंगदाण्याची पेंड तो घेऊन जाईल. रिकामी जाणारी गाडी भरून जाऊ लागली, मधला व्यापारी गेला, आणि हेक्सेनचा प्रश्न तर उद्भवतच नाही. मात्र लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहते. ती पंधरा-वीस दिवसांत खवट होते. म्हणून थोडी थोडी आणायची.

दुसरा मार्ग घरातच होता. वर्षाला लागतो मका साडेपाच क्विंटल, बाजरी पावणेचार. ताईच्या शेतात वीस गुंठे मका आणि वीस गुंठे बाजरी एवढ्याने काम होते. कोंबड्यांचे खत तिथेच पडते, रासायनिक खताची गोणी लागत नाही, फवारा लागत नाही. भाच्याचे वडील म्हणाले, "ती जमीन मी कांद्याला धरली आहे." दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बाजरीचे बियाणे स्वतःच माळ्यावरून काढले. त्यांचा कोंबड्यांपेक्षा बाजरीच्या सरमाडावर डोळा होता, गाईसाठी. परंतु घरात मत पडले ते पडले.

ह्या अंड्यांना सेंद्रिय म्हणावे का, ह्यावर भाच्याचा आणि माझा बराच वाद झाला. सेंद्रिय हा आता नुसता विशेषण राहिलेला शब्द नाही. त्याला २००१ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचे नियम आहेत, शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पीजीएस नावाची दुसरी पद्धत आहे, आणि २०१७ पासून 'जैविक भारत' हे चिन्ह आहे. घाण्यावर येणारे तीळ कोणत्या शेतातले, हे भाच्याला सांगता येत नाही. कुटी तर समुद्रातली. भाच्याचे म्हणणे, "मावशी, आजूबाजूचे सगळे लिहितात." मी म्हटले, लिहू देत. तू खोक्यावर कोंबड्या काय खातात तेवढे लिही. मग खोक्यावर चिठ्ठी लागली ती अशी : मका व बाजरी घरची, रासायनिक खताशिवाय, पेंड लाकडी घाण्याची, थोडी सुकी मासळी, सोयाबीन नाही. चिठ्ठी वाचून तीन घरांनी मासळीपायी अंडी बंद केली. सात घरांनी वाढवली. भाव पंधरा ठरला. सोळा मागायला भाच्याची जीभ रेटेना, आणि मला तो ह्या बाबतीत जरा भिडस्तच वाटतो.

एका गोष्टीचा धाक मात्र कायम आहे. शेंगदाण्याची पेंड दमट हवेत ठेवली की तिच्यावर जी बुरशी धरते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, कोणाला कारण कळेना. ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग काढला तेव्हा ह्या विषाचा शोध लागला. ते उकळून जात नाही, उन्हात घालून जात नाही, आणि नाकालाही नेहमी कळत नाही. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत भाचा शेंगदाण्याची पेंड निम्म्यावर आणतो आणि त्या जागी तिळाची व चुणीची भर घालतो. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. गोळा झालेली पेंड दिसली की फेकायची, गाईलाही घालायची नाही. श्रावणात एकदा अर्धे पोते असे शेणखतात गेले तेव्हा भाच्याचे वडील तोंडाने काही बोलले नाहीत, पण जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही.

दिवाळीचा हिशेब आश्विनातच झाला. अंडी विकून दीड लाखाच्या आसपास आले. दाणा, नव्या तलंगांचे संगोपन, पुण्याच्या फेऱ्या, फुटतूट, औषधपाणी वजा जाता हातात राहिले पंचेचाळीस हजारांच्या घरात. घरच्या मका-बाजरीची किंमत बाजारभावाने धरून हा आकडा आहे, हे भाच्याने वडिलांना आवर्जून सांगितले. चाकणच्या पगारापुढे ही रक्कम काहीच नाही. वडिलांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि दीडशे कोंबड्यांना खुराडे केवढे लागेल ते विचारले. मग म्हणाले, "जाळी दुहेरी लावा. मागच्या ओढ्याला बिबट्या फिरतोय." पुढच्या खेपेला घाण्यावरून दोन पोती तिळाची पेंड जास्त आणायची आहे, त्यासाठी गाडी कोणाची मागायची ते अजून ठरायचे आहे.